मदत हवी आहे: हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर रोज संध्याकाळी एस ९ गोंगाट, मेन पाडला तरी जात नाही (बेळगाव, शहापूर)

शहापूरचा_डायपोल
सात वाजले की ७ मेगाहर्ट्झवर गुरगुर सुरू, एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) थेट ९ वर. रेडिओ नेटवरचं (ठरल्या वेळी हॅम एकत्र बोलतात ते) कुणीच ऐकू येत नाही. सकाळी तोच रिग (रेडिओ संच), तीच अँटेना, आणि गोंगाट एस ३. मेन स्विच पाडून बघितला, आवाज तसाच. म्हणजे घरातलं काही नाही. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यांचाच असणार. बाहेरून येणारा गोंगाट शोधायचा कसा, तेवढंच सांगा. शनिवारी परत नेट आहे.

तारवाला
अँटेना किती उंचीवर? फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) बालन, म्हणजे केबलच्या जाळीवरून येणारा गोंगाट अडवणारा भाग, आहे का? रिगला वीज कुठून देता? गोंगाट एकाच जागी की पूर्ण बँडभर?

निपाणी_हॅम
ते सगळं मागनं बगा ओ. ३१ मिक्स नावाच्या फेराइटचे, वायरीवर बसून गोंगाट अडवणारे क्लिप मागवा आणि घरातल्या प्रत्येक अडॅप्टरच्या वायरीला एकेक लावा. माझा टीव्हीचा त्रास असाच गेला.

तारवाला
येतंय कुठून ते कळायच्या आधीच खर्च कशाला? आणि एका क्लिपमधून वायर एकदा नेली तर ७ मेगाहर्ट्झला जवळपास काहीच होत नाही. मोठी रिंग घेऊन दहा-बारा वेढे द्यावे लागतात. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो.

निपाणी_हॅम
माझं क्लिपवरच भागलं, मी अनुभवाचं सांगालोय.

खानापूरकर
माग नव्हे, खांबावरचा इन्सुलेटर बघा. तडा गेला की ठिणगी पडते. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या, कन्नडमध्ये दिलात तर लवकर हलतो. लिहून पाहिजे असेल तर मी देतो. खांबाला किंवा ताणाच्या तारेला हात मात्र लावू नका, हलवून बघायचा मोह आवरा.

चिकोडीकर
एवढं शोधायचं काही नाही. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा डी थर जातो, ४० मीटर लांबवर उघडतो, गोंगाट वाढणारच. एफटी ८ (संगणकावरचा डिजिटल मोड) करा, गोंगाटातही चालतं.

तारवाला
बँड उघडला म्हणून गोंगाट सहा एसने चढत नाही, आणि घड्याळ लावून सातला तर नाहीच. ठिणगीचाही नाही वाटत. ती सेकंदाला १०० वेळा खरखरते, सगळ्या बँडांवर पसरते आणि पावसापाण्यात बदलते. धागाकर्ते, माझ्या प्रश्नांची उत्तरं?

शहापूरचा_डायपोल
नेट व्हॉइसवर असतं, एफटी ८ नको. रिग आयकॉम ७३००. अँटेना इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराची), गच्चीवर, बालन नाही. वॉटरफॉलवर (रिगच्या पडद्यावरचं बँडचं चित्र) दर ६५ किलोहर्ट्झला एक रुंद उंचवटा दिसतो आणि हळूहळू सरकतो. आता माग कसे शोधू?

तारवाला
हे आधी सांगायला हवं होतं! हा एसएमपीएसचा (अडॅप्टरमध्ये असतो त्या स्विचिंग पॉवर सप्लायचा) गोंगाट. तापमान आणि लोड बदलला की त्याची स्विचिंग फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून उंचवटे सरकतात. मेन पाडल्यावर घरात अंधार झाला होता का?

शहापूरचा_डायपोल
अंधार कशाला होईल? इन्व्हर्टर आहे ना, सगळ्यांकडे असतो. रिगपण त्याच लाइनवर.

तारवाला
मग घर बंद झालंच नव्हतं. मेन पाडा, इन्व्हर्टरही बंद करा आणि रिग सुट्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवा. गोंगाट गेला तर घरातलाच. मग एकेक एमसीबी चढवत जा. नेमकी खोली सापडली की साधा ट्रान्झिस्टर मध्यमलहरीवर घ्या, धारवाड केंद्राच्या ७६५ किलोहर्ट्झपासून दूर रिकाम्या जागी लावा आणि प्रत्येक प्लगजवळ न्या. चोर स्वतःच ओरडेल.

मध्यमलहरी
ट्रान्झिस्टरचा विषय निघालाय म्हणून विचारतो, अनगोळकडे सांगली केंद्र कुणाला लागतं का? वडिलांना रेडिओवरच पाहिजे, मोबाइलवर नको.

निपाणी_हॅम
ट्रान्झिस्टर घराबाहेर अंगणात ठेवून बगा, भिंतींनी आणि एलईडी बल्बांनीच मार खातोय तो.

शहापूरचा_डायपोल
सापडला. देवघर! मूर्तीमागच्या १२ व्होल्ट एलईडी पट्टीचा अडॅप्टर. आई सातला दिवा लावते तेव्हा तीपण लावते. प्लग काढला की एस ९ वरून एस ४. पण पट्टी काढायची नाही म्हणते, आणि तिचं बरोबर आहे, देवघर छान दिसतं त्याने. आता?

चिकोडीकर
नवा अडॅप्टर घ्या, विषय संपला.

तारवाला
नवाही स्वस्तातला घेतलात तर तसाच निघेल, आत फिल्टरचे भाग घातलेलेच नसतात. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय बांधून घ्या, पुढे ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप) आणि त्याला हीटसिंक. पट्टी एक अँपिअरच्या आत असेल तर पुरेल. त्यात स्विचिंगच नाही, तेव्हा गोंगाटही नाही.

शहापूरचा_डायपोल
पट्टी अर्ध्या अँपिअरची आहे. उद्या ट्रान्सफॉर्मर आणतो. उरलेला एस ४?

तारवाला
सकाळचा तुमचा ३ आहे, म्हणजे जास्तीचा एकच. बालन नसल्यामुळे कोअॅक्सची (अँटेनाच्या केबलची) बाहेरची जाळी घरातला गोंगाट उचलून वर नेते. फीडपॉइंटला चोक लावा: ३१ मिक्सच्या मोठ्या रिंगेवर आरजी ५८ कोअॅक्सचे बारा वेढे.

निपाणी_हॅम
म्हणजे ३१ मिक्स लागलंच की शेवटी.