होणारच असं नाही

आई-वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असला की मुलांनाही तो होणारच, असं अनेकदा म्हटलं जातं; ते मला अजिबात पटत नाही. अशा मुलांपैकी साधारण 10 टक्क्यांना तो होतो. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि त्यांची जनुकं तर सारखीच! 2022 साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुमारे 77 हजार रुग्ण तपासले, तर जनुकसंचात या आजाराशी संबंध असलेल्या 287 जागा सापडल्या, बहुतेकींचा वाटा अगदी किंचित. ‘वेडाचं जनुक’ असं एकटं काही नसतंच.

माझ्या मामाला हा आजार आहे. मामेबहिणीचं स्थळ त्यावरून दोनदा मोडलं. आज ती 41 वर्षांची, ठणठणीत. रोज रात्री जेवणं झाली की तीच मामाच्या गोळ्या वाटीत काढते आणि तो गिळेपर्यंत शेजारी बसून राहते.