सौर विजेरी दीड तासातच का मंदावते? रात्री पिकाला पाणी देताना वापरण्यासाठी सल्ला हवा

बांधकरी:

नमस्कार. आमची शेती जुन्नर तालुक्यात असून आम्ही ऊस आणि कांदा घेतो. शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येत असल्यामुळे माझ्या वडिलांना रात्री दहानंतर कांद्याच्या वाफ्यांवर दारे धरावी लागतात. शेजारी ऊस असल्याने बिबट्याची धास्ती असतेच, पण त्याहून अधिक भीती बांधावरच्या सापांची वाटते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी पाठीवर सौर पॅनेल बसवलेली एक विजेरी आणली (वडील तिला बॅटरीच म्हणतात). पॅनेल काडेपेटीएवढे आहे आणि आतल्या लिथियम सेलवर १२०० एमएएच असे छापले आहे. ती दिवसभर गोठ्याच्या पत्र्यावर ठेवतो, ऊन पडताच तिचा लाल दिवाही लागतो. तरीही रात्री दीड तासात उजेड इतका मंदावतो की पायाखाली ढेकूळ आहे की आणखी काही, हे कळत नाही. खाली मोबाइलच्या चार्जरची खाच आहे, परंतु सौर वस्तू घेतल्यावर पुन्हा वीज कशाला जाळायची, असे म्हणून वडील ती वापरू देत नाहीत. विजेरी सदोष आहे, की आमचेच काही चुकते आहे?

निवृत्त मास्तर:

आपण दिलेल्या मापांवरूनच हिशेब मांडता येतो. काडेपेटी साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे साडेसतरा चौरस सेंटिमीटर झाले. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर जवळपास १००० वॉट शक्तीचे ऊन पडते. त्या मानाने आपल्या पॅनेलच्या वाट्याला पावणेदोन वॉट येतात आणि त्यांतले फार तर १८ टक्के विजेत बदलतात. हाती उरतात जेमतेम ०.३ वॉट. दिवसभरातले तिरपे आणि कोवळे ऊन धरून पूर्ण तीव्रतेचे ऊन पाच तास मिळाले असे मानले, तरी दीड वॉट-तास वीज तयार होते आणि भरताना होणारी घट वजा जाता सव्वा वॉट-तासाच्या आसपास सेलमध्ये उतरते. सेलची क्षमता मात्र १.२ अँपिअर-तास (म्हणजेच १२०० एमएएच) गुणिले त्याचा ३.७ व्होल्टचा दाब, म्हणजे सुमारे साडेचार वॉट-तास आहे. आपला दिवा एक वॉटचा असेल, तर एका दिवसाच्या उन्हावर तो सव्वा-दीड तासच जळणार. विहिरीत रात्रभर जेवढे पाणी पाझरते तेवढेच सकाळी उपसता येते, तसाच हा प्रकार आहे. विजेरी सदोष नाही. तिच्याकडून अपेक्षा मात्र तिच्या पॅनेलपेक्षा मोठी आहे.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे. पहिली किरकोळ आहे. जुन्नरच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे सपाट पत्र्यावर ठेवलेल्या पॅनेलचे सुमारे पाव भाग ऊन वाया जाते. विजेरी दक्षिणेकडे तोंड करून विटेला टेकवून ठेवावी. खिडकीच्या काचेआड मात्र ठेवू नये.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते आणि ती या विजेरीच्या घडणीतच आहे. पॅनेलला कडक ऊन हवे असते आणि लिथियम सेलला सावली, पण या वस्तूत दोघांना एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबलेले आहे. साधारण ४५ अंश सेल्सियसच्या वर लिथियम सेल भरू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावरची काळी विजेरी ही मर्यादा सहज ओलांडते. आत्ता थंडीत धोका नाही, परंतु उन्हाळ्यात हाच क्रम चालू ठेवल्यास सेलचे आयुष्य झपाट्याने घटेल आणि तो फुगण्याचीही शक्यता राहील.

सोल्डरवाला:

मास्तरांचा हिशेब बरोबर आहे, पण तो पॅनेल खरोखर जोडलेले असेल तरच लागू होतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या स्वस्त विजेऱ्यांपैकी काहींमध्ये पॅनेलची एक तार मुळात जोडलेलीच नव्हती, तर काहींमध्ये लाल दिवा थेट पॅनेलवर जोडून सेलपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नव्हते. तो दिवा लागायला अगदी नाममात्र विजेची गरज असते. तो लागला म्हणजे सेल भरतो आहे, असे समजू नये. घरच्या घरी खात्री करायची असेल, तर विजेरी पूर्ण विझेपर्यंत चालवावी, दुसऱ्या दिवशी फक्त उन्हात ठेवावी आणि रात्री ती किती वेळ जळते ते घड्याळ लावून पाहावे. नंतर चार्जरने पूर्ण भरून तीच नोंद पुन्हा करावी. दोन्ही आकडे समोर आले की वडिलांना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

छापील एमएएचवर मात्र विसंबू नका. १८६५० या नेहमीच्या मापाच्या सेलवर ९९०० लिहिलेले मी रोज पाहतो. प्रत्यक्षात त्या मापाचा उत्तम सेलही ३५०० च्या आसपास थांबतो. आणि कुणाकडे चार व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असलेली, भिंतीच्या सॉकेटला लावायची जुनी विजेरी असेल, तर ती रिकामी करून पावसाळाभर फडताळात ठेवू नये. तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि मग कितीही भरली तरी ती धरत नाही. अशी गिऱ्हाइके दर दिवाळीला येतात आणि चार्जरलाच दोष देतात.

दापोलीची माहेरवाशीण:

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मी माहेरी होते. आमच्या वाडीत त्यानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. घरात अशाच दोन सौर विजेऱ्या होत्या आणि आकाश सतत भरलेले असल्यामुळे दिवसभर अंगणात ठेवूनही त्या रात्री जेवण उरकण्यापुरतासुद्धा उजेड देत नव्हत्या. आम्हाला तारले ते शेजाऱ्यांच्या १० वॉटच्या सुट्या पॅनेलने. ते उघडलेल्या वहीएवढे होते. कौलांवर बांधून त्याची तार खिडकीतून आत घेतली होती आणि विजेऱ्या घरातच, फळीवर सावलीत भरत होत्या. ढगाळ दिवशी उत्पादन कितीही घटले, तरी काडेपेटीएवढ्या पॅनेलच्या भर उन्हातल्या उत्पादनापेक्षा ते अधिकच भरत असे. विजेरी साधी, चांगल्या सेलची घ्यावी आणि पॅनेल वेगळे घ्यावे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

विषयाला धरूनच एक सांगते. सापाची भीती असेल, तर विजेरी कपाळावर न बांधता कमरेच्या खाली धरून उजेड जमिनीलगत पुढे टाकावा. वरून टाकलेल्या उजेडात सगळे सपाट दिसते. खालून तिरपा टाकला की काटकीचीसुद्धा सावली पडते आणि मण्यार वेळीच नजरेस येते. गमबूट मात्र हवेतच.

बांधकरी:

सर्वांचे आभार. सोल्डरवाल्यांनी सांगितलेली चाचणी या आठवड्यात केली. फक्त उन्हावर विजेरी १ तास २० मिनिटे चालली, म्हणजे मास्तरांच्या हिशेबाबाहेर ती गेलीच नाही. चार्जरने भरल्यावर ४ तास १० मिनिटे चालली. वडिलांनी दोन्ही वेळा स्वतः घड्याळ पाहिले, काही बोलले नाहीत, पण काल संध्याकाळी ती चार्जरला त्यांनीच लावलेली दिसली. आता गोठ्यावर १० वॉटचे पॅनेल बसवायचे ठरले आहे. दुकानात १२ व्होल्टचे मिळते आहे. त्याची तार विजेरीच्या खाचेत थेट जोडता येईल का?

सोल्डरवाला:

थेट मुळीच जोडू नका. १२ व्होल्टच्या पॅनेलवर भार नसताना भर उन्हात २० व्होल्टच्याही वर दाब दिसतो आणि विजेरीच्या खाचेला ५ व्होल्ट लागतात. पहिल्याच दिवशी आतली सर्किटची पाटी जळेल. मध्ये ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवा. गाडीत मोबाइल भरण्यासाठी जो मिळतो, त्यातला २४ व्होल्टच्या गाड्यांनाही चालणारा घेतला तरी काम होते. तार गव्हाणीपासून उंचावरून न्या, कारण आमच्याकडे आलेल्या अशा जोडण्यांपैकी निम्म्या तारा जनावरांनी चघळलेल्या असतात.