पालिका मुख्यालयाची इमारत: गॉथिक की इंडो-सारासेनिक?

माहीमकर:
गेल्या रविवारी मुलीला घेऊन मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयातील वारसा फेरीला गेलो होतो. ही फेरी 2021 साली सुरू झाली, पण आमचा मुहूर्त आत्ता लागला. बाहेर पडल्यावर फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याजवळ उभे राहून मुलीने विचारले, की ही इमारत आणि समोरचे बोरीबंदर स्थानक (आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) एकाच वास्तुविशारदाने, म्हणजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारले असेल, तर दोघांचे घुमट इतके वेगळे कसे? स्थानकाचा घुमट अष्टकोनी, उभ्या फासळ्यांचा. पालिकेचा मात्र कांद्यासारखा फुगीर, विजापूरच्या एखाद्या मशिदीवर शोभावा असा. मला उत्तर देता आले नाही. एका पुस्तकात या इमारतीला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपच्या वळणाची, म्हटले आहे, तर दुसऱ्यात इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय आणि इस्लामी घडण युरोपीय बांधणीत मिसळणारी. जाणकारांनी कृपया उलगडा करावा. शिवाय, कोरीव काम नीट पाहायचे असेल तर नजर कुठे ठेवावी, हेही सांगावे.

पाथरवट:
आपल्या कन्येने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. या इमारतीची पायाभरणी 9 डिसेंबर 1884 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाली, परंतु प्रत्यक्ष बांधकामाला 1889 उजाडले आणि ते 1893 मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात दोन आराखडे समोरासमोर होते. एक मद्रासचे रॉबर्ट चिझम यांचा, इंडो-सारासेनिक वळणाचा. आणि दुसरा स्टीव्हन्स यांचा, गॉथिक. निवड स्टीव्हन्स यांची झाली. स्थानक नुकतेच बांधून झाले होते आणि त्याचा दबदबा शहरावर होता, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही.

तरीही जे उभे राहिले ते निखळ गॉथिक नाही. टोकदार कमानी, उतरती छपरे, दर्शनी त्रिकोणी भिंती आणि रंगीत काचांच्या खिडक्या, ही सगळी गॉथिकची मिळकत. पण मान वर केली की फुगीर घुमट आणि आपल्या वाड्यांतल्या महिरपींची आठवण करून देणाऱ्या पाकळीदार कमानी दिसतात. धड गॉथिक आणि डोके दख्खनी, असे मी माझ्यापुरते म्हणतो. चिझम स्पर्धा हरले, पण त्यांचा मुद्दा स्टीव्हन्स यांच्या कागदावर कुठेतरी उतरला असावा, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट जागेची. दादाभाई नौरोजी मार्ग आणि महापालिका मार्ग जिथे मिळतात तिथला भूखंड त्रिकोणी असल्यामुळे इमारतीचे दोन हात मागे पसरतात आणि नाकाच्या शेंड्यावर 255 फूट उंचीचा मनोरा येतो. चौकोनी भूखंड मिळाला असता तर हा मनोरा असा अंगावर आला नसता. त्याखालच्या त्रिकोणी भिंतीच्या शेंड्यावर पंख पसरलेली स्त्रीमूर्ती आहे. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील पहिले नगर, या बिरुदाचे ते मूर्त रूप. पालिकेच्या आजच्या बोधचिन्हावर मात्र ‘यतो धर्मस्ततो जयः’ आहे.

कुलाबेकर:
पाथरवट यांच्या बहुतेक मांडणीशी सहमत आहे, पण चिझम यांचा प्रभाव मानण्याची घाई करू नये. स्टीव्हन्स ज्या गॉथिककडे पाहत होते ते प्रामुख्याने व्हेनिसच्या वळणाचे होते, आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून नुसते मसाले नेले नव्हते, कमानीही नेल्या होत्या. त्यामुळे पौर्वात्य घुमट त्या शैलीच्या अंगावर उपरा वाटत नाही. त्यांच्या कामांचा क्रमही पाहावा. 1876 मध्ये पूर्ण झालेले खलाशांचे निवासगृह, म्हणजे आजचे राज्य पोलीस मुख्यालय, बरेच संयमी आहे. तिथे दर्शनी भागावर समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे. 1878 ते 1888 या काळात स्थानक झाले, मग पालिका. प्रत्येक इमारतीत हात अधिक सैल होत गेला आहे. मला स्वतःला स्थानकच अधिक आवडते. पालिकेच्या मनोऱ्यावर लहानमोठ्या घुमट्यांची जरा गर्दी झाली आहे.

पाथरवट:
गर्दी आहे हे मान्य. व्हेनिसचा मुद्दाही बिनतोड आहे, फक्त व्हेनिसला कांद्याच्या आकाराइतकाच रस पाकळीदार महिरपीत होता का, हे तपासायला हवे.

चुनाविटा:
कोरीव कामाविषयी थोडे. जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामावर काही वर्षे होतो, म्हणून परांचीवरून दगड जवळून पाहिला आहे. फोर्टातल्या या पिढीच्या इमारतींत भिंतींना मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर, कठीण दगड आणि नक्षीला पोरबंदरचा मऊ चुनखडी दगड, अशी वाटणी सर्रास आढळते. पोरबंदरी दगड छिन्नीखाली लोण्यासारखा चालतो, म्हणून पानाची शीरन् शीर काढता येते. पण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तोच आधी खातो. पावसाच्या बाजूची पाने चोखलेल्या बत्ताशासारखी गुळगुळीत झालेली असतात आणि त्याच स्तंभाच्या आडोशाच्या बाजूला पानांची टोके अजून बोटाला टोचतात.

नक्षी पाहायची असेल तर सुरुवात समोरच्या स्थानकापासून करावी. तिथले बरेच काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेले असल्यामुळे विलायती आराखड्यात आपले मोर आणि माकडे शिरली आहेत. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेठ यांचा मुखवटाही आहे. छपराखाली तोंड वासून बसलेले प्राणी नुसते शोभेचे नसतात. पावळीचे पाणी भिंतीपासून लांब फेकण्याचे काम त्यांचे, जसे आपल्या देवळात मकरमुख करते. दुर्बीण न्यावी आणि सकाळी साडेआठच्या आत जावे. त्यानंतर ऊन डोळ्यांवर येते आणि पदपथावर उभे राहायला जागा उरत नाही.

माहीमकर:
तिघांचेही आभार. ‘धड गॉथिक, डोके दख्खनी’ हे मुलीला फार आवडले; तिने वहीत तसे चित्रही काढले आहे, फक्त घुमट खरोखरच कांद्याचा, सालींसकट. येत्या रविवारी दुर्बीण घेऊन आधी स्थानकाकडे जातो.