जर्मनीतील खोलीची अनामत मुंबईतूनच भरावी का?

मुलुंडकर बाबा:
माझी मुलगी ऑक्टोबरपासून आखेनला शिकायला जात आहे. एका घरमालकाने ई-मेलवरून खोली देऊ केली असून काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून मूळ भाडे, 400 युरो आहे. तीन महिन्यांची अनामत आधी पाठवली की किल्ली कुरिअरने येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करताना डिपॉझिट आधीच मोजावे लागते, म्हणून मला यात काही वावगे वाटले नाही; पण काल बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म भरताना खाते तिसऱ्याच देशातले आणि भलत्याच नावावर असल्याचे दिसले आणि माझा हात थांबला. परदेशी विद्यार्थी तिथे भाडे नेमके कसे भरतात?

पार्लेकर (स्टुटगार्टमध्ये सात वर्षे राहून परतलेली):
कृपया एक युरोही पाठवू नका. खोली न दाखवता अनामत मागणे आणि किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणे ही तिथली ठरलेली फसवणूक आहे. जर्मन कायद्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, शिवाय भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो; म्हणजे मुलीने तिथे पोहोचून, खोली पाहून, करारावर सही करून मग पहिले 400 युरो दिले तरी चालते. मी स्वतः असेच केले होते. माझ्या घरमालकीणबाईंनी करारातच हप्त्यांच्या तारखा शाईच्या पेनाने लिहून दिल्या होत्या.

भाडे साधारणपणे महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत द्यायचे असते. त्यासाठी बँकेला डाउअरआउफट्राग, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम पाठवण्याची कायमची सूचना, देऊन ठेवतात. विद्यार्थी वसतिगृहात बहुधा उलट असते: तेच खात्यातून भाडे वळते करून घेतात, त्यामुळे खात्यात शिल्लक ठेवण्याची जबाबदारी आपली.

एक गोष्ट मात्र पालकांच्या लक्षात येत नाही. व्हिसासाठीच्या श्पेरकोन्टोमध्ये, म्हणजे पैसे अडवून ठेवणाऱ्या बँक खात्यात, आपण वर्षाचे पैसे भरलेले असले तरी त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच सुटते (2024 च्या सप्टेंबरपासून 992 युरो), तीही तिथे चालू खाते उघडल्यानंतर. पहिल्या महिन्याचे भाडे, अनामतीचा हप्ता आणि खाणेपिणे एवढ्यात भागत नाही, म्हणून फॉरेक्स कार्डावर वेगळी रक्कम द्याच.

दादरचे निवृत्त बँक कर्मचारी:
मी बरीच वर्षे परकीय चलन विभागात होतो, म्हणून एवढेच सांगतो की, पैसे शक्यतो मुलीच्या स्वतःच्या खात्यावर पाठवावेत आणि भाडे तिने तिथून भरावे. मुंबईतून थेट घरमालकाला पाठवल्यास वाटेतली बँक शुल्क कापते, भाडे काही युरोंनी कमी पोहोचते आणि ती बाकी भाडेकरूच्या नावावर राहते. पाठवणे अपरिहार्यच असेल, तर सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, असा पर्याय फॉर्मवर निवडावा. मुलीचे खाते युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातील बँकेत असले, तरी केवळ त्या कारणाने घरमालकाने नकार देणे 2012 च्या युरोपीय नियमात बसत नाही.

मुलुंडकर बाबा:
आपणा दोघांचे मनापासून आभार. मी फॉर्म परत घेतला आहे. व्हिडिओवरून खोली दाखवा, असे मुलीने त्या गृहस्थांना लिहिले, त्यावर त्यांचे उत्तर आलेले नाही. आता तिने वसतिगृहासाठी अर्ज केला आहे, आणि पहिले दोन आठवडे तिच्या सीनियर मैत्रिणीकडे राहण्याची सोय झाली आहे.