सूचना शुद्ध मराठीत काढली, तरी काम झाले नाही. मसुद्यात काय चुकले?

प्रश्न (जालना)
मी येथील एका बियाणे प्रक्रिया केंद्रात कार्यालयीन साहाय्यक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. साहेबांच्या सांगण्यावरून मी पुढील सूचना काढली: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, गोदामात प्राप्त होणाऱ्या सोयाबीनची आर्द्रता तपासणी करून अहवाल तात्काळ सादर करण्यात यावा. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ नमुना गोदामातून येईल असे प्रयोगशाळेने गृहीत धरले, तर प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना काढून नेईल असे गोदामाने. तीन दिवस गाड्या उतरत राहिल्या आणि एकही नमुना निघाला नाही. व्याकरणाची चूक मला तरी दिसत नाही. मग बिघडले कोठे?

प्रतिसाद १ (परभणी, निवृत्त कार्यालय अधीक्षक)
ताई, ‘करण्यात यावा’ या शब्दांत कर्ताच नाही, म्हणून काम कोणाच्याच अंगावर पडले नाही. आमची सारी नोकरी याच भाषेत गेली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठीत आले खरे, पण इंग्रजी मसुद्यांची वळणे तशीच राहिली आणि ‘कळविण्याचे निदेश आहेत’ यासारखी वाक्ये पुढे खाजगी कार्यालयांनीही उचलली. (आमच्या अभिलेख कक्षातील निजामकाळच्या उर्दू फायली वाचायला जाणकार शोधावा लागे, आपली मराठी सूचना वाचायलाही तो लागावा, हे काही बरे नव्हे.) मी असे लिहिले असते:

‘सोमवारपासून सोयाबीनची गाडी उतरविण्यापूर्वी गोदामपालाने नमुना काढून प्रयोगशाळेत पोहोचवावा. प्रयोगशाळा साहाय्यकाने अर्ध्या तासात आर्द्रता मोजून आकडा गाडीच्या पावतीवर लिहावा. तो १२ टक्क्यांहून अधिक असल्यास त्या मालाची थप्पी वेगळी लावावी.’

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची कमाल आर्द्रता १२ टक्केच धरलेली आहे. तो आकडा सूचनेत असला, म्हणजे वाचणाऱ्याला कशासाठी मोजायचे तेही कळते.

प्रतिसाद २ (वाळूज, उत्पादन पर्यवेक्षक)
वरील मसुदा उत्तम आहे. मथळ्यात मात्र ‘मेमो’ हा शब्द घालू नका. कामगारांच्या बोलण्यात ‘मेमो मिळाला’ म्हणजे खुलासा मागितला, असाच अर्थ होतो. मी एकदा जेवणाच्या सुटीची बदललेली वेळ ‘मेमो’ या मथळ्याखाली फलकावर लावली, तेव्हा मजकूर न वाचताच चौघे जण युनियनच्या प्रतिनिधीकडे गेले होते. आता मी सूचना लावण्याआधी ती रात्रपाळीतील एकाला वाचायला देतो आणि उद्या तो नेमके काय करणार, एवढेच विचारतो.

प्रतिसाद ३ (लातूर)
अधीक्षक साहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि जावक क्रमांक, दिनांक आणि आधीच्या पत्राचा संदर्भ गाळू नये. लेखापरीक्षणाच्या वेळी तोच कागद शोधावा लागतो. हा तपशील पहिल्या ओळीऐवजी तळाशी लिहिला तरी चालेल.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. नवी सूचना आज सकाळी लावली. गोदामपालांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि विचारले, ‘रविवारी गाडी आली तर? प्रयोगशाळा बंद असते ना, मॅडम.’ ते वाक्य आता हाताने लिहून जोडले आहे.