मदत हवी आहे: वेब सर्व्हिसमधून वेगवेगळ्या लोकेलमध्ये (देश-भाषेनुसार आकडे लिहायच्या पद्धतीत) येणाऱ्या रकमा एकसारख्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी,

तीन वेब सर्व्हिसमधून ऑर्डरचा डेटा घेऊन एका डेटाबेसमध्ये भरायचा आहे. अडलंय ते रकमेच्या फील्डवर. जेसनमध्ये (सर्व्हिस डेटा पाठवतात त्या मजकुराच्या साच्यात) रक्कम नंबर म्हणून आली असती तर प्रश्नच नव्हता, तिथे दशांशाला टिंबच लागतं. पण तिघेही ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणून पाठवतात, तीसुद्धा स्क्रीनवर दाखवायच्या थाटात. (खालचे आकडे देवनागरीत लिहिलेत, मूळ डेटात बहुतेक इंग्रजी अंक आहेत.)

पहिली जर्मन पद्धतीने "१.२३४,५६" देते. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुरातून संख्या वाचणारं फंक्शन) त्याचे १.२३४ करून मोकळं होतं, एररसुद्धा येत नाही. मला खरी भीती याचीच वाटते. दुसरी फ्रेंच. तिथे हजारांनंतर दिसते ती साधी स्पेस नाही, युनिकोडमधली यू+२०२एफ ही वेगळी, अरुंद स्पेस आहे, त्यामुळे साधी स्पेस काढून टाकणारा कोड तिला हातच लावत नाही. तिसरीकडे मालाची नावं मराठीत हवीत म्हणून ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडरमध्ये (उत्तर कोणत्या भाषेत हवं ते सांगणाऱ्या ओळीत) मराठी दिलं, तर रकमांचे अंकही देवनागरी झाले.

'शेवटचं चिन्ह ते दशांशाचं' हा नियम लावून पाहिला. तो "१.२५०" वर अडतो. हे सव्वा की साडेबाराशे?

---

प्रतिसाद:

किमतीकडे बघून लोकेल ओळखता येत नाही, तेव्हा अंदाज बांधणारा कोड काढूनच टाका. प्रत्येक सर्व्हिसचं लोकेल कॉन्फिगमध्ये ठरवून ठेवा आणि पार्सर (मजकुरातून संख्या वाचणारा कोड) कडक ठेवा: पूर्ण स्ट्रिंग वाचली गेली नाही तर रेकॉर्ड बाजूला. जावाचं संख्या वाचणारं नंबरफॉरमॅटही अर्ध्यात थांबून मिळालं तेवढं परत देतं, म्हणून वाचन कुठे थांबलं ते सांगणारं पार्सपोझिशन तपासा.

तिसऱ्या सर्व्हिसला दोन कॉल करा. नावांसाठी मराठी, रकमांसाठी इंग्रजी, आणि आयडीवर जोडा. मध्ये कॅश (आधीची उत्तरं साठवून परत देणारी सोय) असेल तर रिस्पॉन्समध्ये, उत्तर कशानुसार बदलतं ते सांगणाऱ्या व्हेरी हेडरात ॲक्सेप्ट-लँग्वेज आहे ना ते बघा, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळेल.

चलनाचा कोडही सोबत घ्या. येनला दशांश नसतात, कुवेती दिनारला तीन असतात, म्हणजे "१.२५०" तिथे सरळ सव्वा दिनार असू शकतं. आणि मूळ स्ट्रिंग वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा.

---

धागाकर्ता:

मनापासून आभार! दोन कॉलची युक्ती टेस्टमध्ये चालली. पण आधी भरलेल्या जर्मन ऑर्डरींची मूळ स्ट्रिंग कुठेच नाही. त्या दुरुस्त करता येतील का?

---

प्रतिसाद:

आधी त्या ऑर्डरी सर्व्हिसकडून पुन्हा मागवता येतात का बघा. पार्सफ्लोटने स्वल्पविरामापुढचं टाकून दिलंय, ते हजाराने गुणून परत येणार नाही. मागवता येत नसतील तर नग आणि दर यांचा गुणाकार एकूण रकमेशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही त्या ऑर्डरी नक्की बिघडलेल्या. मात्र दर आणि एकूण दोन्ही हजारांत असतील तर दोन्ही सारखेच आकसतात आणि गुणाकार जवळपास जुळतो, तेव्हा त्या मालाचा नेहमीचा दरही शेजारी ठेवा.