जुना ब्रिटिश बेस (गिटार) घ्यायचाय, कुठला बघू?

मंद्रसप्तक:
मंडळी, सल्ला पाहिजे. ऑफिसच्या कामासाठी सध्या इंग्लंडात रेडिंगला आहे, अजून वर्ष-दीड वर्ष तरी इथंच. पुण्यात होतो तेव्हापासून एक जपानी बेस वाजवतोय, काही तक्रार नाही त्याच्याबद्दल, पण इथं आल्यापासून खूळ डोक्यात शिरलंय की इथलाच, साठ-सत्तरच्या काळातला, जरा येडचाप दिसणारा बेस घ्यायचा. अमेरिकन फेंडरसारखा दिसणारा नकोच. बजेट हजार पौंडांच्या आत. भिंतीवर टांगायला नकोय, वाजवायचाय, आणि परतताना पुण्याला न्यायचाय. हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बघून ठेवलाय, तो कसा?

खर्जातला_सा:
हॉफनर जर्मन आहे रे बाबा 😄 बीटल्समुळे सगळ्यांना तो ब्रिटिश वाटतो.

आता येडचाप का, तर त्याला कारण आहे. १९५१ ते ५९ ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यं आयात करायला बंदी होती, फेंडर-गिब्सन दुकानात मिळायचेच नाहीत. मग इथल्या सुतार-कारागिरांनी फोटो बघून, ऐकीव माहितीवर, नाहीतर सरळ मनाला येईल तसं बनवायला घेतलं. बंदी उठली तोवर यांची स्वतःची डोकी चालायला लागलेली होती त्यामुळे बॉडीला शिंगं, वळलेले हेडस्टॉक (खुंट्या असतात ते वरचं टोक), भलतेच स्विच असं सगळं आलं. त्यातलं पहिलं नाव बर्न्स. जिम बर्न्स.

चौथी_तार:
बर्न्स म्हटलं की मी आलोच. बायसन बेस बघ एकदा, दोन्ही शिंगं अशी पुढे वळलेली की खरंच रेडा अंगावर येतोय असं वाटतं. आणि १९६४ चा शॅडोज बेस, शॅडोज बँडचा जॉन रॉस्टिल वाजवायचा तो, पांढरा, हेडस्टॉकला व्हायोलिनसारखी गुंडाळी, माझ्या मते त्या दशकातला सगळ्यात देखणा बेस तोच, भांडायचं असेल तर या. यांच्या काही गिटारींवर तर एका स्विचवर चक्क 'वाइल्ड डॉग' असं लिहिलेलं असायचं, बटणाला असं नाव द्यायला छाती लागते राव. पिकअप (तारांचा आवाज पकडतात ते) पण स्वतःचे, क्वीनवाल्या ब्रायन मेच्या रेड स्पेशल गिटारवर जे ट्राय-सॉनिक आहेत ते बर्न्सचेच.

खर्जातला_सा:
भांडत नाही पण त्याच्या बजेटात शॅडोज किंवा बायसन चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड आहे आणि मिळाला तर काहीतरी बदललेलं असणार. नु-सॉनिक बेस बघ म्हणेन, शॉर्ट स्केल (तारांची लांबी कमी), साधा, शिंगं नाहीत पण आवाजात बर्न्सपणा आहे. आणि बॉल्डविन नाव दिसलं तर घाबरू नकोस. १९६५ ला अमेरिकेच्या बॉल्डविन या पियानोवाल्या कंपनीने बर्न्स विकत घेतली (त्यांना आधी फेंडर पाहिजे होती, ती सीबीएसने नेली), सुरुवातीचे बॉल्डविन म्हणजे नाव बदललेले बर्न्सच.

बर्मिंगहॅमकर:
सगळे बर्न्सवरच अडकलात. मंद्रसप्तक भाऊ, वाजवायचाय म्हणताय ना, मग शेरगोल्ड मॅरेथॉन घ्या आणि विषय संपवा.

जॅक गोल्डर आणि नॉर्मन हौल्डर हे दोघं बर्न्सच्याच कारखान्यातले. बाहेर पडून त्यांनी शेरगोल्ड काढली, आधी दुसऱ्यांसाठी लाकूडकाम करायचे, हेमन नावाने ज्या गिटारी आणि ४०/४० बेस आले १९७५ पर्यंत, ते यांच्याच हातचे, आणि हेमनच्या डिझाइनमध्ये परत जिम बर्न्स होताच. म्हणजे घराणं एकच. हेमन बंद पडल्यावर यांनी स्वतःच्या नावाने सुरू केलं. मॅरेथॉन दिसायला जरा लाकडी फर्निचरसारखा आहे, पॉलिश जाड, पण मजबूत, आणि स्टिरिओ आउटपुट असलेले पण निघाले. पीटर हुक, जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर या बँडवाला, त्याचा सहा तारांचा बेस शेरगोल्ड मॅरेथॉनच. तो वरच्या तारांवर सुरावट वाजवतो ना, ती काही गाण्यांत त्यावरची. सहा तारांचा तुमच्या बजेटात येणार नाही, चार तारांचा बघा.

आमच्या गावाचं पण नाव घेतो, राहवत नाही: गिटारी बनवणारा जॉन बर्च इथला, आणि त्याच्याबरोबर काम केलेले जॉन डिगिन्स यांनी पुढे जेडी काढली. लेव्हल ४२ बँडच्या मार्क किंगचा अंगठा ज्यावर आपटायचा तो बेस. पण तो बजेटबाहेर.

चौथी_तार:
बजेटबाहेरचीच यादी काढायची तर वॉल राहिला की. इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी काढलेला. प्रत्येक तारेखाली वेगळी कॉइल, आणि टोनच्या नॉबऐवजी दर पिकअपला स्वतंत्र लो-पास फिल्टर (वरचा तीक्ष्ण आवाज कापणारा), सिंथसारखा. मिक कार्नचा फ्रेटलेस (नेकवर फ्रेट म्हणजे धातूच्या पट्ट्या नसलेला) ऐका म्हणजे कळेल, बेस बोलतोय असं वाटतं. नवीन घ्यायचा तर रांग वर्षांची.

मंद्रसप्तक:
वॉलचं स्वप्न बघायला पैसे लागत नाहीत 😅 मॅरेथॉन आवडला. पण एक विचारतो, वॉक्स? तो थेंबाच्या आकाराचा? आणि स्वस्तात वॉटकिन्स रेपियर पण दिसतात.

खर्जातला_सा:
वॉक्सचे सुरुवातीचे इथले, नंतरचे बरेचसे इटलीतून बनून आलेले, Eko कंपनीच्या कारखान्यात. वॉक्सचाच फँटम तर पंचकोनी, मांडीवर ठेवून बघ आणि मग ठरव, घसरतो. उभं राहून वाजवणार असशील तर मजा आहे. त्यांच्याच कॉन्स्टेलेशनमध्ये तर बेसच्या आतच फझ (आवाज फाडणारं सर्किट) आणि ट्यून करायला जी स्वराचा आवाज, असली खेळणी बसवलेली. आज त्यातलं काय चालू असेल देव जाणे.

रेपियर शिकाऊ मुलांसाठी होता, चार्ली वॉटकिन्स म्हणजे कॉपीकॅट या प्रतिध्वनीच्या मशीनवाले. गंमत म्हणून घे, रोजचा म्हणून नको. अर्थात पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने १९६१ ला असाच एक स्वस्तातला डॅलस टक्सीडो घेतला आणि फ्रेट उपटून टाकले, फ्रेटलेस इलेक्ट्रिक बेसची गोष्ट सांगताना लोक तिथूनच सुरुवात करतात. म्हणजे स्वस्त आहे म्हणून टाकाऊ असं काही नाही.

बर्मिंगहॅमकर:
घेताना हे बघाच, फोटोवर जाऊ नका. नेक एका डोळ्याने वरून खाली बघा, पीळ असेल तर सोडून द्या कितीही स्वस्त असला तरी. बर्न्समध्ये ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) गिअरबॉक्स असतो, त्याची किल्ली वेगळी, विकणाऱ्याकडे आहे का विचारा. पिकअप मूळचे आहेत का ते बघा कारण या लोकांनी सगळे भाग स्वतःच्याच मापाचे केलेत, फेंडरचा ब्रिज आणून बसवला असं इथं होत नाही. सर्व स्विच अँपला लावून फिरवा. खरखर चालेल, ती स्प्रेने जाते, आवाज मधेच गायब होत असेल तर भाव पाडा.

सह्याद्री_लो_ई:
पुण्याला नेणार म्हणताय तर फिंगरबोर्डचं (नेकवर बोटं दाबतो ती पट्टी) लाकूड आधी विचारून घ्या. साध्या रोजवुडच्या तयार वाद्यांना २०१९ पासून सायटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियमात सूट आहे, त्यात आपलं शिसव पण आलं. पण ब्राझिलियन रोजवुड पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला कागद लागतात, आणि साठच्या दशकातल्या वाद्यांवर ते असू शकतं. मेपल बोर्डचा मिळाला तर डोक्याला ताप नाही. शिवाय पावसाळ्यात इकडे नेक हलणार हे धरून चाला, इंग्लंडची दमट आणि आपली दमट यात फरक आहे.

मंद्रसप्तक:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं! मेपल बोर्डचा मॅरेथॉन एक बघून ठेवलाय, शनिवारी बघायला जातोय. तारा कुठल्या लावू?

चौथी_तार:
रोटोसाउंडच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत), अजून काय. १९६६ ला द हू बँडच्या बेसवादक जॉन एंटविसलबरोबर बसून बनवलेल्या, केंटमधल्याच. नु-सॉनिक असता तर फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) म्हटलं असतं. फोटो टाक शनिवारी, आणि हेडस्टॉकचा मागून पण काढ, मशीन हेड (तारा पिळायच्या खुंट्या) बघायचेत.